वसुलीचे गुरुजी

हिंगोलीत तगादा लावणारी माणसं कमी नाहीत. बँकेचे वसुलीवाले आहेत, बचत गटाच्या ताई आहेत, मोंढ्यातले अडते आहेत. त्यांना लोक चुकवतात, ते समजण्यासारखं आहे. पण ज्याच्या डोक्यावर कुणाचा एक रुपया नाही असा धडधाकट माणूस गल्लीच्या तोंडाशी जुनी स्कूटर दिसताच मागच्या दारानं निघतो आणि जाता जाता बायकोला सांगून ठेवतो, "गुरुजी आले तर सांग, लेकरू आजोळी गेलंय," तेव्हा खुशाल समजावं की त्या घरात एक पुस्तक अडकलंय.

हे गुरुजी म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. हा एक वाण आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत तो थोडाफार आढळतो. बहुतेक ठिकाणी तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला असतो. क्वचित पोस्टमन असतो, क्वचित किराणा दुकानदार. पण लोक त्यालाही गुरुजीच म्हणतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा फायली वाटल्या गेल्या, कर्मचारी वाटले गेले. गुरुजींची येणी मात्र कुणी वाटून दिली नाहीत. त्यामुळं त्यांची परभणीकडची थकबाकी अजून चालू आहे आणि जिंतूरचा एक डॉक्टर अजून त्यांना 'आज शोधून ठेवतो' असंच सांगतो. चौथीत असताना नेलेलं पुस्तक आहे ते.

अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं पेन उधारीचं, लाल पेन थकबाकीचं. स्कूटरच्या पायाशी युरियाची रिकामी गोणी धुऊन, शिवून, बंद लावून केलेली पिशवी. तिच्यावर 'निव्वळ वजन ४५ किलो' ही अक्षरं अजून वाचता येतात आणि आतला माल पाहता ती फारशी खोटीही नाहीत. आत निव्वळ लेकरांची पुस्तकं. मोठ्यांनी काही मागितलं तर गुरुजी स्वच्छ सांगतात, "तुमचं वय गेलं. तुम्ही आता मोबाइलच बघा."

गुरुजींची सगळी इस्टेट म्हणजे त्यांची खतावणी. अडत्याच्या गादीवर असते तशीच, लाल कापडाच्या बांधणीची, दोरीनं गुंडाळायची. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर बसते. तिला हळद-कुंकू वाहिलं जातं, नव्या पानावर 'श्री' निघतो आणि त्या 'श्री'खाली लगेच मागच्या वर्षीची येणी उतरतात. रकाने पाच: तारीख, लेकराचं नाव, इयत्ता, पुस्तक आणि आजोळ. हा पाचवा रकाना जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या नोंदवहीत सापडायचा नाही; पण त्याच्यावाचून गुरुजींचा व्यवहार चालत नाही. एप्रिलची परीक्षा संपली की हिंगोलीचं लेकरू मामाच्या गावी जातं आणि पुस्तक पिशवीच्या तळाशी घालून नेतं. मामा कुठं राहतो हे माहीत नसेल तर वसुली बुडाली म्हणून समजा. एकदा गुरुजी 'हिंगोली डेक्कन' अशी पाटी असलेल्या आपल्या स्टेशनावरून गाडी पकडून थेट अकोल्याला गेले आणि एका पोराच्या मामाच्या घरून चाळीस रुपयांचं पुस्तक सोडवून आणलं. तिकीट, चहा, रिक्षा असा नव्वद रुपये खर्च झाला. घरी मुलानं हिशेब दाखवला, तर गुरुजी म्हणाले, "मुद्दल वाचलं ना!"

अनामत नाही, वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. पुस्तक कुणालाही मिळतं. व्याज मात्र गुरुजी सोडत नाहीत. पुस्तक हे मुद्दल. त्यातली गोष्ट हे व्याज. परत करायला आलेल्या लेकरानं गोष्ट सांगायची, मगच नावावर काट.

"वाचलास का?"

"वाचलो, गुरुजी."

"सांग मग."

"एक राजा होता..."

"ह्याच्यात राजाच नाही. घेऊन जा परत."

पोरगं मुकाट्यानं पुस्तक घेऊन माघारी फिरतं. काही पोरांनी त्यावरही तोड काढली आहे. शेवटचं पान वाचून यायचं. पण गुरुजी शेवट विचारतच नाहीत. ते मधलंच काहीतरी विचारतात. मांजर कुणाच्या घरी गेलं, पाऊस कधी आला, आजीनं डब्यात काय दिलं. शेवट सगळ्यांनाच ठाऊक असतो, मधलं ज्याला ठाऊक त्यानंच वाचलेलं असतं, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

साहित्याची समीक्षाही गुरुजी खतावणीतच करतात. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. माघ-फाल्गुनात घरोघरी हळद निघते, शिजते, अंगणात वाळते, आणि मुलांचे हात महिनाभर पिवळे राहतात. त्या दिवसांत परत आलेलं पुस्तक गुरुजी उजेडाला धरून पान-पान बघतात. ज्या पानावर पिवळे अंगठे जास्त, ते पान चांगलं. जे पान कोरं, तिथं लेखकाची चूक. पुण्या-मुंबईच्या परीक्षणांवर त्यांचा विश्वास नाही. गाजलेलं एक पुस्तक त्यांनी सलग तीन हंगाम फिरवलं आणि ते जसंच्या तसं पांढरंशुभ्र परत आलं. गुरुजींनी लाल पेनानं त्याच्यापुढं लिहिलं, 'माल उठत नाही.' माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांना मात्र हळदीचा रंग इतका चढलाय की चित्रांमधले मूळ रंग आता अंदाजानंच ओळखावे लागतात.

गुरुजींचं आणि सरकारमान्य वाचनालयाच्या सचिवांचं सूत कधीच जमत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. त्याखाली गावोगावी वाचनालयं झाली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, वर्गाप्रमाणं अनुदान मिळालं. त्यातून पुष्कळ चांगलं कामही झालं. पण काही ठिकाणी 'बालविभाग' म्हणजे एक काचेचं कपाट, त्याला एक कुलूप, आणि कुलपाची किल्ली सचिवांच्या करगोट्याला. तपासणी असेल त्या दिवशी कपाट उघडतं, काच पुसली जाते, पुस्तकं मोजली जातात, सगळी जागेवर आहेत असा शेरा मिळतो आणि सचिवांना धन्य वाटतं.

"लेकरं फाडतात हो गुरुजी," सचिव म्हणतात.

"वाळवीनं खाल्लेलं चालतं तुम्हाला. लेकरानं फाडलेलं काहून चालत नाही?"

"वाळवीचं निर्लेखन करता येतं."

या उत्तरावर गुरुजी गप्प होतात, कारण ते खरं आहे. मग ते शियाळी रामामृत रंगनाथन यांना मध्ये आणतात. मद्रासच्या कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस ग्रंथपाल झाला आणि १९३१ साली त्यानं ग्रंथालयाचे पाच नियम छापले. त्यांचा १२ ऑगस्टचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. गणिताचा मास्तर म्हणून गुरुजींना त्यांचा विशेष अभिमान. पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा पहिला नियम ते सचिवांना वर्षातून बारा वेळा ऐकवतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे दुसरा आणि तिसरा. ग्रंथालय वाढत राहणारी संस्था आहे हा पाचवा. तो गुरुजींच्या घरातल्यांना चांगलाच पटलाय, कारण आता पाहुण्यांना झोपायला जागा उरलेली नाही. फक्त चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा हा, गुरुजींना झेपत नाही. एक पुस्तक देताना ते पाऊण तास घेतात. त्याची भरपाई म्हणून सहावा नियम त्यांनी स्वतः जोडलाय: दिलेलं परत आलं पाहिजे.

त्यांचा खरा सणाचा दिवस १५ ऑक्टोबर. २०१५पासून महाराष्ट्रात अब्दुल कलामांची जयंती वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. शाळेत टेबल मांडतात, त्यावर चादर, चादरीवर कलामांची तसबीर, तसबिरीपुढं पुस्तकांची आरास. पोरं रांगेत बसतात. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक येतं. फोटो निघतो. काहींची पुस्तकं उलटी असतात, ती सुलटी करून पुन्हा निघतो. फोटो अपलोड झाला की पुस्तकं गोळा करायची आणि मोजून कपाटात ठेवायची. गुरुजी नेमके फोटो आणि गोळा करणं यांच्या मधल्या पाच मिनिटांत फाटकातून आत शिरतात, खतावणी सोडतात आणि रांगेच्या एका टोकाकडून नावं लिहीत सुटतात.

"गुरुजी, गुरुजी! ती शाळेच्या रजिस्टरला जमा आहेत!" मुख्याध्यापक धावत येतात.

"जमा आहेत म्हणूनच खर्ची टाकायलो."

"एखादं हरवलं तर माझ्या पगारातून जाईल हो!"

"नाही जायचं. मी आहे ना वसुलीला."

आणि इथंच मुख्याध्यापकांचा नाइलाज होतो, कारण हे वाक्य खरं आहे हे सबंध तालुक्याला ठाऊक असतं. मुलांना त्या दिवशी पुस्तक घरी न्यायला मिळतं ते कुठल्या परिपत्रकामुळं नव्हे. एका माणसाच्या तगाद्यावर दुसऱ्या माणसाचा विश्वास बसला म्हणून.

मग दसरा. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शनी भरते, आकाशपाळणे लागतात, अख्खा जिल्हा लोटतो. गुरुजी पाळण्याजवळच गोणी अंथरतात. तिकिटाला पैसे नसलेलं आणि वर फिरणाऱ्या पोरांकडं मान वर करून बघणारं लेकरू हे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. दहा मिनिटांत त्याला किशोर मासिकाचा जुना अंक मिळालेला असतो आणि गुरुजींना त्याच्या मामाचा पत्ता. विजयादशमीच्या रात्री वसुलीलाही उत्तम मुहूर्त असतो. रावण पेटतो, सगळी हिंगोली वर बघत असते, आणि तेवढ्या उजेडात गुरुजी खाली बघत गर्दीतून थकबाकीदार हुडकत असतात.

पुस्तकं येतात कुठून, हाही प्रश्न आहे. तर ती दानातून येतात आणि दान ही गुरुजींची डोकेदुखी आहे. 'बुके नको, बुक द्या' हे लोकांना अलीकडं पटलंय. पण कुठलं बुक, हे अजून पटायचंय. कुणी मागच्या दहा वर्षांची पंचांगं देतं. कुणी दहावीची गाइडं देतं. कुणी विमा कंपनीची डायरी देऊन वर सांगतं, "पहिली चारच पानं लिहिलीत, बाकी कोरी आहे." आणि प्रत्येक जण 'श्यामची आई' देतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक गुरुजींनाही प्रिय आहे, ते वाचताना अजून त्यांचा आवाज बसतो. पण घरात त्याच्या इतक्या प्रती साठल्यात की पलंगाचा मोडका पाय आता त्यांच्यावर उभा आहे. म्हणून गुरुजींनी देवघेवीचा दर बांधून टाकलाय. तीन 'श्यामची आई' द्यायच्या आणि एक फाटका 'गोट्या' घ्यायचा. बालभारतीनं १९७१मध्ये सुरू केलेल्या किशोरचा जुना दिवाळी अंक असेल तर चार. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' असेल तर बोली लागते आणि गुरुजी मोंढ्यातल्यासारखे रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात.

या साऱ्या कारभारात गुरुजींच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, स्थान विरोधी पक्षनेत्याचं. "दाणे ठेवायला घरात एक कणगी नाही अन् पुस्तकांना तीन कोठ्या," हे त्यांचं ठरलेलं भाषण. पण विरोधी पक्षाचे आतून काही वेगळेच उद्योग चाललेले असतात. न वाचता व्याज भरायचं म्हटल्यावर पोरं गुरुजी बाहेर गेल्याचं बघून परसदारानं काकूंकडं येतात. काकू भाकरी थापता थापता गोष्ट सांगून टाकतात. सगळी पुस्तकं त्यांची वाचून झालेली असतात. गुरुजी झोपल्यावर वाचतात, खतावणीत नाव लागत नाही. ही चोरी फार दिवस टिकली नाही. एक पोर गुरुजींपुढं घडाघडा बोलून गेलं, "मग फास्टर फेणेनं चोर पकडले, घरी आला अन् पिठलं-भाकर खाऊन झोपला."

गुरुजींनी पुस्तक उघडलंदेखील नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून ते म्हणाले, "भागवतांनी पिठलं लिहिलेलं नाही."

आतून उत्तर आलं, "मग उपाशी झोपवायचं होतं का लेकराला?"

काकूंच्या गोष्टीत प्रत्येक जण शेवटी जेवतो. राक्षससुद्धा. गुरुजींनी बराच विचार करून असं व्याज निम्म्या दरानं मान्य केलं आणि पोरांनी दोन्ही पाठ केल्या: छापलेली गोष्ट गुरुजींसाठी, जेवणाची आपल्यासाठी.

वसुलीचा सगळ्यात अवघड हंगाम दिवाळीनंतर येतो. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडं निघतात. ट्रकवर भांडी, गाठोडी, शेळी, म्हातारी आणि लेकरं. गुरुजी त्या पहाटे ट्रकपाशी हजर असतात. लोकांना वाटतं, वसुलीला आले. ते आलेले असतात उधारी द्यायला. फडावर शाळा लागेलच याची खात्री नसते. म्हणून ट्रकमधल्या प्रत्येक लेकराच्या हातात एक पुस्तक. आजोळच्या रकान्यात मुकादमाचं नाव. मुदत थेट चैत्रापर्यंत.

सेनगावकडची एक पोरगी अशीच 'फास्टर फेणे' घेऊन गेली. चैत्रात परत आली तेव्हा पुस्तकाला कव्हर नव्हतं, कडेनं उसाच्या पाचटाचे ओरखडे होते आणि शेवटची आठ पानं गायब होती. कोपीत चूल पेटेना तेव्हा आजीनं घेतली होती.

"व्याज?" गुरुजींनी विचारलं.

पोरीनं गोष्ट सांगितली. जळालेल्या आठ पानांचीही सांगितली, कारण जळण्याआधी वाचून झाली होती. मग म्हणाली, "गुरुजी, तो फुरसुंगीचाय ना? आमचा ट्रक फुरसुंगीवरून गेला. मी लई बघितलं. सायकलीवर कुणीच दिसलं नाही."

"शाळेत गेला असंल," गुरुजी म्हणाले. लाल पेन खिशात ठेवून निळ्यानं तिच्या नावावर काट मारली आणि तिला लगेच दुसरा भाग दिला.

काही पुस्तकं मात्र येतच नाहीत. कुटुंब तिकडंच राहतं, घर बदलतं, लेकरू मोठं होतं. अशा येण्यांपुढं दुसरा कुणी 'बुडीत' लिहील. गुरुजी लिहितात 'पंजाब'. नवख्याला याचा उलगडा होत नाही. पण नरसी आपल्याच जिल्ह्यातली. तिथले नामदेव महाराज पंजाबात गेले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गेली आणि शेकडो वर्षं तिकडंच वाचली जातायत. आता ती परत मागायला कुणी गेलंय का? जिथं वाचली जातायत तिथं राहू द्यावीत, हा त्यामागचा न्याय. खतावणीत दरवर्षी दोन-चार 'पंजाब' निघतात. त्या पानांवर गुरुजी तगादा लावत नाहीत.

गुरुजींना पुरस्कार मिळालेला नाही. रंगनाथनांच्याच नावानं राज्य सरकार ग्रंथमित्र पुरस्कार देतं. एकदा लोकांनी आग्रह केला म्हणून गुरुजी अर्ज भरायला बसले. पण कार्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडं होती ती फक्त थकबाकीदारांची यादी. ती जोडावी, तर त्यात जिंतूरचे डॉक्टर, एक तहसीलदार, दोन शिक्षिका आणि एक आमदारांचा स्वीय सहायक. "एवढी मोठी माणसं बदनाम होतील," म्हणून त्यांनी अर्ज फाडला आणि त्या कागदाची पुस्तकाला कव्हरं घातली.

वाचनसंस्कृती, वाचन चळवळ हे शब्द हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात बरे दिसतात. गावाकडचा अनुभव सांगतो की लेकरं वाचती होतात ती परत मागणारं कुणी असलं तरच. पुस्तक नुसतं दिलं तर ते कपाटावर जातं. चार दिवसांनी दारात येऊन 'मांजर कुणाच्या घरी गेलं?' असं विचारणारं माणूस असलं तर ते वाचलं जातं. इमारती, अनुदानं, दिवस आणि सप्ताह लागतातच, पण त्यांच्या मागं एक चिवट, थोडा वैताग आणणारा तगादेवाला लागतो. ज्या गावात तो आहे, त्या गावानं त्याला चुकवू नये.

तेव्हा आजच घरात शोधा. टीव्हीखाली, पेटीत, पिठाच्या डब्यामागं कुठंतरी लाल पेनानं नंबर टाकलेलं पुस्तक सापडेल. ते घेऊन स्वतः जा, गोष्ट सांगा, नावावर काट मारून घ्या. आणि जाताना दान म्हणून घरातलं एखादं जास्तीचं पुस्तकही न्या. 'श्यामची आई' सोडून कुठलंही.